उणे साडेतीन छटाक

मोहनराव नकलनवीस यांनी अख्ख्या नोकरीत साहेबांसमोर एकदाच स्वतःचं मत मांडलं, आणि तेही कुणी विचारलं नसताना.

निजाम सरकारच्या अमदानीतलं बीडचं दफ्तर. दोयम तालुकदार साहेब उन्हाळी दौऱ्याला निघायचे होते आणि बरोबरच्या शिपायांसाठी पाण्याची सोय बघत होते. जालन्याचा एक व्यापारी पत्र्याच्या बाटल्या घेऊन हजर झाला होता. त्याच्या हातात एक छापील परचा होता आणि त्यात लिहिलं होतं की, चामड्याची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, एका दिवसात सरासरी अर्धा शेर पाणी वाया घालवते. बीडात बसून, बीडच्या छागलीला! ज्या गावच्या छागली कुठकुठल्या घोड्यांच्या खोगिरांना लटकतात, त्या गावात!

मोहनराव कोपऱ्यात मान खाली घालून नक्कल उतरवत होते. त्यांचा टाक थांबला आणि ते म्हणाले, "साफ खोटं. सरासरी पावशेराच्या वर जात नाही."

दफ्तरातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. खुद्द मोहनरावांनीसुद्धा मागे वळून पाहिलं, बोललं कोण म्हणून.

साहेबांनी चष्मा काढला. "अच्छा? पावशेर? किस हिसाब से?"

"हुजूर, ते सगळ्यांनाच माहीत आहे."

"सबको मालूम है, ये कोई सबूत नहीं हुआ. साबित करके लाव, मोहनराव. उसके बाद देखेंगे, छागल लेना कि बोतल."

एवढं म्हणून साहेब पुढच्या मिसलीकडे, म्हणजे फायलीकडे, वळले. मोहनरावांना मात्र त्या दिवशी दोन ओळी सोडून नक्कल केल्याबद्दल पेशकारांचं ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ओसरीवर बंकट बसला होता. छागली शिवणाऱ्यांच्या गल्लीत त्याच्या हाताला तोड नव्हती, हे त्याचं स्वतःचं मत होतं आणि गल्लीनं ते मुकाट्यानं मान्य केलेलं होतं. बाटल्या घेतल्या गेल्या तर ऐन हंगामात अख्खी गल्ली हातावर हात ठेवून बसणार होती. बंकटनं मोहनरावांचे पायच धरायचे बाकी ठेवले.

"रावसाब, तुमी लई मोटं काम केलं. आता फकस्त ते साबित तेवडं करून टाका."

हे 'फकस्त' पुढे मोहनरावांच्या फार दिवस लक्षात राहिलं.

त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचा धाकटा भाऊ त्रिंबक त्या वेळी सुट्टीवर आलेला होता. हैदराबादेत उर्दूतून शिकवणारं नवं विद्यापीठ निघालं होतं, तिथं तो व्यापार आणि अर्थशास्त्र शिकत होता. येताना त्यानं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि आल्यापासून ते डोक्याखाली घेऊन झोपत होता. पावशेराची हकीकत कानावर पडताच तो ताडकन उठून बसला.

"भावजी, ह्याला रीत आहे! आधी धरून चालायचं की सरासरी पावशेरच आहे. मग काही छागली घ्यायच्या, मोजायच्या. तुमचं खरं असताना मोजणी इतकी बाजूला जाणं जवळजवळ अशक्य, असं दिसलं, तर तुमचं म्हणणं टाकून द्यायचं."

"माझं म्हणणं मीच टाकून द्यायचं?"

"पुरावा विरुद्ध गेला तर. शिवाय एक पट्टा काढायचा. खरी सरासरी इथपासून इथपर्यंत कुठंतरी असणार, असा. अशा रीतीनं काढलेल्या शंभर पट्ट्यांतले पंचाण्णव खरे निघतात."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांचं काही सांगता येत नाही."

सत्यभामाबाई आतून म्हणाल्या, "त्या पाचांतलाच आपल्या वाट्याला येणार." घरात त्यांना मोहनरावांच्या नशिबाचा अनुभव सगळ्यांत जास्त होता.

त्रिंबकनं बारा छागली मागितल्या. बंकट लगेच दुसऱ्या दिवशी बारा देखण्या छागली घेऊन आला, तेल पाजलेल्या, टाके मोत्यासारखे. त्रिंबकनं त्या परत पाठवल्या. निवडलेल्या चालणार नाहीत, गल्लीतल्या सगळ्या मालाला नंबर द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून निघतील त्या घ्यायच्या, असं त्याचं म्हणणं पडलं.

बंकटचा चेहरा पडला. "कावून? माज्या मालात डावं-उजवं हाय का?"

"नाही ना? मग चिठ्ठीला का घाबरता?"

बंकट नंबर द्यायला कबूल झाला. पण तो नाराज झाला ते झालाच. शेजारचे सुंदरराव मात्र त्याच्या बाजूचे निघाले. सुंदरराव म्हणजे पेन्शनीत निघालेले गृहस्थ. सोवळंओवळं कडक आणि सल्ला सैल. कठड्यावर हात टेकून त्यांनी मोहनरावांना बाजूला घेतलं.

"अहो, मुलगी दाखवायची तर आपण काय चिठ्ठ्या टाकतो का, कुठली दाखवायची म्हणून? चांगली तेवढी पुढं करावी. आणि मोहनराव, जातीनं सांगतो, चामडं दारात टांगू नका. विटाळ होतो."

चिठ्ठ्या टाकून बारा निघाल्या. त्यांतल्या दोन बंकटच्या भावाच्या, म्हणजे गहिनीनाथच्या हातच्या होत्या. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे बंकट आणखी नाराज झाला.

आता टांगायच्या कुठं? घरासमोर रस्त्याच्या कडेला मोठा कडुलिंब होता. पण तो लिंब सरकारी. नोकरीतला माणूस, तेव्हा मोहनरावांनी रीतसर दरख्वास्त केली: सदर झाडास बारा छागली एक दिवसापुरत्या टांगण्याची इजाजत मिळावी.

झाड म्हणून दरख्वास्त जंगल खात्याकडे गेली. जंगल खात्यानं शेरा मारला की चामड्याचा माल आहे, करोडगिरीला, म्हणजे जकातीला, विचारावं. करोडगिरीवाल्यांनी विचारलं, माल रिकामा की भरलेला? भरलेला, असं कळवल्यावर, कशानं? पाण्यानं, म्हटल्यावर मिसल आबपाशीकडे, म्हणजे पाटबंधाऱ्यांकडे, गेली. आबपाशीनं फार मोलाची हरकत काढली: सायलाची चालचलणूक कशी आहे हे मागवावं. आता सायल, म्हणजे अर्जदार, म्हणजे मोहनराव, आणि ह्या सगळ्या शेऱ्यांच्या नकला उतरवण्याचं काम दफ्तरात एकट्या नकलनविसाचं. स्वतःच्या चालचलणुकीची चौकशी त्यांनी स्वतःच्या वळणदार हस्ताक्षरात लिहून पाठवली, आणि चार दिवसांनी आलेल्या जबाबाची नक्कलही त्यांनीच केली. जबाब एका शब्दाचा होता: 'साधारण.'

त्या दिवशी मोहनराव जेवले नाहीत. "पंधरा वर्षं नोकरी केली. साधारण!" असं ते दोनदा म्हणाले. "वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं. निदान लक्ष दिलं असं तरी वाटलं असतं."

पण इजाजत मिळाली. अट एकच, झाडाला इजा होता कामा नये.

ठरल्या दिवशी सकाळी त्रिंबकनं तागडी लावून प्रत्येक छागलीत दोन शेर पाणी मापून घातलं. तोंडापर्यंत भरायच्या नाहीत, थोडी जागा सोडायची, हेही त्याच्या पुस्तकात असावं. काही वरच्या फांद्यांना टांगल्या, काही खालच्या. मोहनराव दफ्तरात गेले. त्रिंबक पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपला.

संध्याकाळी मोजणी झाली. वरच्या पाच छागली पावशेराच्या पावशेर उतरल्या होत्या, जणू शपथ घेऊन. खालच्या सातांचा प्रकार वेगळा होता. एक ठणठणीत कोरडी होती. दुसरीत निम्म्याहून कमी राहिलं होतं. तिसरीही बरीच उतरलेली. आणि चार छागली सकाळपेक्षा जड भरल्या.

तागडी पुन्हा पाहिली. वजनं धुऊन पुन्हा पाहिली. त्या जडच होत्या.

त्रिंबक कागदावर आकडे मांडत बसला. मोहनराव त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. बऱ्याच वेळानं त्रिंबकनं घाम पुसला.

"भावजी, सरासरी बरोबर चार छटाक. म्हणजे पावशेर. कणभर इकडं नाही की तिकडं."

मोहनरावांनी आनंदानं मांडीवर थाप मारली, ती त्रिंबकच्या मांडीवर बसली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"पण पट्टा..."

"पट्ट्याचं काय?"

"वरचं टोक पाऊण शेराला टेकलंय. आणि खालचं टोक उणे साडेतीन छटाक आहे."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे छागल दिवसाकाठी साडेतीन छटाक पाणी देते, असंही असू शकेल."

"देते? कुणाला?"

"तेच पुस्तकात नाही."

मोहनरावांचं मत पडलं की साहेबांना नुसती सरासरी द्यावी आणि पट्टा घरी ठेवावा. त्रिंबक ऐकेना. सरासरी दाखवून पट्टा लपवणं ही लबाडी आहे, म्हणाला. ह्या वादात मोहनरावांच्या मावशी कडूबाई, ज्या त्यांच्याच घरी राहत, हळूच पुढं आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लेकरा, रागावू नगंस. चार-पाच पिशव्या पार खाली बसल्या व्हत्या. तुजी अब्रू जाईल म्हनून मीच तांब्यानं भरल्या. हाताला लागल्या तेवड्या. त्यात एक पुन्ना कुनी पिऊन टाकली."

देण्याचा उलगडा झाला. घेण्याचा व्हायचा होता.

मोहनरावांनी रुखसत, म्हणजे रजा, घेतली आणि नव्या इजाजतीनं, म्हणजे जुन्याच इजाजतीची आणखी एक नक्कल करून, दुसऱ्यांदा छागली टांगल्या. ह्या वेळी ते स्वतः झाडाखाली घोंगडी टाकून, हातात काठी घेऊन बसले. मावशींना सत्यभामाबाईंनी माजघरात निवडायला परडीभर तूर दिली.

ऊन डोक्यावर आलं. रस्ता ओस पडला. मोहनराव झाडाच्या बुंध्याला टेकले होते, म्हणून रस्त्यावरून चटकन दिसत नव्हते. तेवढ्यात पलीकडचं दार किलकिलं झालं. सुंदरराव बाहेर आले. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, झपाझप रस्ता ओलांडला आणि सरावल्या हातानं खालच्या फांदीवरच्या छागलीचं बूच काढलं.

"सुंदरराव," मोहनराव म्हणाले.

सुंदररावांचा हात वरच राहिला. "बूच घट्ट आहे की नाही, पाहत होतो."

"मागच्या खेपेला पण पाहिलं होतं का?"

"शेजारधर्म आहे." सुंदररावांनी बूच लावलं आणि ताठ मानेनं परत गेले. दार मात्र त्यांनी जरा जोरात लावलं.

एका पिणाऱ्याचा छडा लागला, म्हणून मोहनरावांना मोठं समाधान वाटलं. कडक पहारा ठेवायचा, असा त्यांनी निश्चय केला. तो निश्चय टिकत असतानाच रस्त्यानं एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडं, पायांवर धुळीचा थर. चौसाळ्याहून चालत आली होती, अदालतीत तारीख होती. नाव बायनाबाई, हे तिनं न विचारता सांगितलं. झाडाखाली टेकली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, घोटभर पाणी दे."

"आजी, हे पाणी प्यायचं नाही."

"मंग कशाचं हाय?"

"नमुन्याचं."

"नमुन्याचं म्हंजी खारं हाय का?"

"गोडच आहे. पण हे मोजायचं आहे."

"मोज की," बायनाबाई म्हणाली. "मी पिते, तू मोज."

मोहनरावांनी तिला सगळं समजावून सांगितलं. सरासरी सांगितली, पट्टा सांगितला, साहेब सांगितले, जालन्याची बाटली सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिचे ओठ वाळून पांढरे झाले होते. बोलता बोलता मोहनरावांना आपलाच आवाज ऐकू यायला लागला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. डोक्यावर बारा पिशव्या गार पाणी, समोर चौसाळ्याहून चालत आलेली म्हातारी, आणि आपण तिला पंचाण्णव टक्क्यांचं सांगतोय.

घरातून तांब्या आणावा, तर घागरी पहाटेच छागलींत रिकाम्या झालेल्या आणि सत्यभामाबाई विहिरीवर गेलेल्या. मोहनराव उठले. त्यांनी खालची छागल काढली, बूच काढलं आणि म्हातारीच्या ओंजळीत धार धरली. बायनाबाई पोटभर प्याली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई गार हाय रं. देव तुजं भलं करो." मग तिनं ते अदालतीत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर माणसांची रांग लागली. तारखेला आलेले, गाडीवान, दोन शिपाई, उमापूरच्या बाजारकऱ्यांचा एक तांडा. एकीला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे मोहनरावांना जमेना. संध्याकाळी त्रिंबकनं तागडी लावलीच नाही. बाराच्या बारा छागली वाळवणासारख्या लोंबत होत्या.

"ह्याची सरासरी?" मोहनरावांनी विचारलं.

"दोन शेर," त्रिंबक म्हणाला. "आणि पट्टा फार सुबक येईल."

मोहनराव उठून घरात गेले. आता साहेबांपुढं जाऊन हात जोडायचे आणि गल्लीनं हंगाम बसून काढायचा, एवढंच उरलं होतं. पण त्याच वेळी पलीकडं सुंदरराव वेगळ्याच कारणानं पेटले होते. आपल्या दारासमोर दिवसभर लोक चामड्यातलं पाणी पितात आणि वर दुवा देतात, हे त्यांना सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आपल्या दाराबाहेर मोठा रांजण मांडला, त्यावर तांब्याचं ओगराळं ठेवलं आणि एक ब्राह्मण पाणी वाढायला बसवला. "शुद्ध पाणी प्या! शुद्ध पाणी!" असं ते स्वतः ओट्यावरून ओरडत होते आणि ओरडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मोहनरावांकडं बघत होते.

तो दिवसभर लिंबाकडं एक माणूस फिरकला नाही.

त्रिंबकनं त्याच दिवशी, इजाजतीच्या आणखी एका नकलेवर, तिसऱ्यांदा छागली टांगल्या होत्या. पहारा नव्हता. कुणी प्यालं नाही, कुणी भरलं नाही. संध्याकाळचे आकडे एकमेकांच्या हातात हात घालून आल्यासारखे आले. त्रिंबकनं हिशेब केला, कोष्टक पाहिलं, पुन्हा केला.

"सरासरी साडेचार छटाक. पट्टा चाराच्या थोडं खालून ते पाचाच्या थोडं वर."

"म्हणजे माझं अर्ध्या छटाकानं चुकलं."

"चुकलं असं म्हणता येत नाही. तुमचे चार छटाक पट्ट्यात बसतात."

"म्हणजे बरोबर आलं."

"तसंही म्हणता येत नाही, भावजी."

मोहनरावांनी हात जोडले. "बाबा रे, मला उद्या साहेबांना सांगायचंय. काय म्हणता येतं ते सांग."

दुसऱ्या दिवशी दफ्तरात साहेब, पेशकार, जालन्याचा व्यापारी आणि दाराबाहेर बंकट, असे सगळे हजर होते. मोहनरावांनी कागद पुढं ठेवला.

"हुजूर, व्यापारी म्हणतात अर्धा शेर. मोजणीपुढं ते टिकत नाही. अर्धा शेर खरा असता तर असे आकडे आलेच नसते."

व्यापाऱ्यानं परच्याची घडी केली.

"और आपका पावशेर?" साहेबांनी विचारलं. "वो सच निकला?"

मोहनरावांनी कागदाकडं पाहिलं. 'होय' म्हणायला काय लागत होतं? पण त्रिंबकनं रात्रभर पढवून ठेवलं होतं, आणि खोटी नक्कल करायची सवय त्यांना कधी लागली नव्हती.

"सच निकला असं नाही, हुजूर. खोटं ठरलं नाही."

पेशकार हसले. साहेब हसले नाहीत. तालुकदारीवर येण्याआधी ते बरीच वर्षं अदालतीत मुन्सिफ होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"यानी बरी!"

"जी?"

"मुल्जिम के खिलाफ सबूत नाकाफी. तो बरी, यानी छूट गया! बाइज्जत बरी!"

"बाइज्जत नाही, हुजूर," मोहनराव न राहवून म्हणाले. "नुसतीच बरी."

साहेब इतक्या मोठ्यानं हसले की दारावरचा चपराशी आत डोकावला. "मोहनराव, पंद्रह साल में पहला आदमी देखा, जो अपने ही मुवक्किल का दर्जा घटाता है." आणि त्यांनी तिथल्या तिथं छागलींचा हुकूम लिहायला सांगितला. नक्कल अर्थातच मोहनरावांनी केली, आणि ती करताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

संध्याकाळी ओसरीवर बंकट आला. काम मिळालं होतं, गल्लीत पेढे वाटले होते, पण ह्याचं तोंड लांबच. त्रिंबकचं समजावणं सुरू होतं आणि बंकटचं डोकं नकारार्थी हलत होतं.

"रावसाब, ते बरी-बिरी ऱ्हाऊ द्या. पर ती अर्द्या छटाकाची बदनामी मला सोसना. ह्या बारांत ती सरासरी कुटली हाय, तेवडी फकस्त दावा. मी फुडं बसून पुन्ना शिवून देतो."

"अहो, सरासरी म्हणजे ह्यांतली कुठलीच एक नव्हे!" त्रिंबक म्हणाला. "ती सगळ्यांची मिळून..."

"आसं कसं? गळतीय तर कुटली तरी गळत आसंल की!"

त्रिंबक पुस्तक आणायला उठला. मोहनरावांनी त्याला हातानं खाली बसवलं. मग ते कोनाड्याजवळ गेले, खुंटीला लावलेल्या छागलींतून डोळे मिटून एक उचलली आणि बंकटच्या हातात दिली.

"ही घे. सरासरी."

बंकटनं ती उलटीपालटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला. डोळ्यांजवळ नेऊन टाके पाहिले. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं मळभ गेलं.

"तरीच!" तो म्हणाला. "ही आमच्या गहिनीनाथनं शिवलीय."

आणि ती काखेला मारून, आयुष्यात पहिल्यांदाच भावाच्या घरी जायला सबळ कारण मिळाल्यासारखा, तो तरातरा निघाला.